ज्या नावावर आपण नाचलो

हळदीची रात्र. सिद्धगडाच्या पायथ्याला, नारिवलीच्या वाटेवरच्या एका पाड्यात मांडव पडलाय. तुम्ही नवरदेवाचे ऑफिसातले मित्र. कल्याणहून मुरबाडपर्यंत एसटीने आलात आणि पुढे कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवळारणीचा आवाज बसत आलाय, तिच्या हातात कुणीतरी चहाचा कप दिलाय. मागच्या अंगणात चुलाणावर मोठं पातेलं रटरटतंय. गाल, कान, शर्टाची कॉलर, सगळं पिवळं झालंय. मांडवाच्या झालरीपलीकडे नुसता काळोख, आणि त्या काळोखात आणखी काळा असा सिद्धगड.

जनरेटर एकदा खोकतो, दिवे मंद होऊन पुन्हा उजळतात, आणि बेंजोवाला हात मोकळे करतो.

बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंगच, टाइपरायटरसारख्या कळांचा, फक्त वीज जोडल्यावर अंगात आलेला. दुसऱ्या-तिसऱ्या सुरालाच गाणं ओळखू येतं आणि म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहतात. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’. तुम्ही ओरडता. नवरदेवाचे मामा ओरडतात. ज्याला इंग्रजीचा गंध नाही तोही छातीवर हात मारून आपलं नाव अँथनी असल्याचं जाहीर करतो.

नाचता नाचता एक गोष्ट बघा. मुखडा चालू असतो तेव्हा लोक शब्द ओरडतात, हात वर असतात, पाय जेमतेम हलतात. मुखडा संपतो, कडवं यायला अवकाश असतो, मध्ये नुसत्या वाद्यांचा तुकडा येतो, आणि तिथे पाय सुटतात. वाजवणाऱ्यांच्या भाषेत या तुकड्याला ‘म्युझिक’ म्हणतात. बेंजोवाल्याने तो गाळला तर मांडवातली पोरं त्याला सोडत नाहीत. आता सांगा, हे म्युझिक कुणाचं? शब्द आनंद बक्षींचे, चाल लक्ष्मीकांत-प्यारेलालची, आवाज किशोरकुमारचा. पण चालीच्या आजूबाजूचं सगळं, म्हणजे सुरुवातीचे सूर, मधले तुकडे, गायकाच्या मागून हळूच वेगळ्या वाटेने चालणारी व्हायोलिनं, कुठलं वाद्य कुठे शिरणार आणि कुठे गप्प बसणार, हे कागदावर मांडणारी हिंदी सिनेमात एक वेगळीच जमात होती. अरेंजर. या गाण्यापुरतं ते काम प्यारेलालनी स्वतःच केलं. ते ज्या माणसाकडे व्हायोलिन शिकले, त्याचं नाव तुम्ही आता घसा फोडून ओरडताय.

डोळे मिटा. पाय चालू राहिले तरी चालतील. आपल्याला मागे जायचंय. अट एकच: तिथे तुम्ही कुणाला दिसणार नाही आणि तुम्ही कुणाला हाक मारायची नाही. फक्त ऐकायचं.

पहिला थांबा जवळचाच आहे, १९७७ चा उन्हाळा आणि कल्याणातलं कुठलंही एक थिएटर. पंखे फिरतायत, वारा लागत नाही. तुमच्या शेजारचा गृहस्थ ‘अमर अकबर अँथनी’ चौथ्यांदा बघतोय आणि प्रत्येक संवाद पडद्याच्या अर्धा सेकंद आधी बोलतोय. पडद्यावर ईस्टरचा जल्लोष, मध्यभागी माणसाहून मोठं अंडं. ते फुटतं आणि आतून अमिताभ बच्चन निघतो: लांब शेपटाचा कोट, उंच हॅट, एका डोळ्याला काच, हातात छत्री. तोंडातून भरधाव निरर्थक इंग्रजी. थिएटर डोक्यावर घेतलं जातं. नाणी फेकली जातात. त्यातलं एक तुमच्या मानेवर आदळतं.

आत काय घडलंय ते या गर्दीला ठाऊक नाही. मनमोहन देसाईंच्या कथेतला हा अँथनी आधी फर्नांडिस होता. ते आडनाव चालीत नीट बसेना. तेव्हा प्यारेलालनी गोन्साल्विस सुचवलं, आपल्या गुरूचं. आपल्याकडे गुरूला अंगठा कापून दिल्याची गोष्ट आहे. इथे शिष्याने गुरूला अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं. पण बसवलं कसं, तर अंड्यातून. आता या थिएटरातल्या आठशे-हजार माणसांपैकी एकालाही विचारा, अँथनी गोन्साल्विस कोण? दारूचा अड्डा चालवणारा दिलदार दादा, हेच उत्तर येणार. गुरुदक्षिणा पोचली, पण तिच्यावरचा पत्ता पुसला गेला होता.

चला, आणखी एकोणीस वर्षं मागे.

१९५८. तुम्ही धोबी तलावाजवळ सेंट झेवियर्स कॉलेजच्या आतल्या चौकात उभे आहात. चारी बाजूंना दगडी कमानी, मध्ये मोकळं आकाश. एरवी इथे पोरं लेक्चर बुडवून गप्पा मारत बसतात. आज खुर्च्या मांडल्यात आणि समोर वादक बसलेत. मोजायला लागू नका, ते ११० आहेत. संख्या वाचायला सोपी असते, तेव्हा जरा डोळ्यांसमोर आणा: मांडवातल्या बेंजो पार्टीत आठ-दहा माणसं होती, तशा अकरा पार्ट्या एकाच वेळी, एकाच माणसाच्या हाताकडे बघत बसल्यात. प्रत्येकासमोर स्टँड, स्टँडवर कागद, कागदावर पाच रेघांत अडकवलेले काळे ठिपके. व्हायोलिनवाले गजाला राळ घासतायत. ओबोचा एक लांब सूर येतो आणि सगळे आपापली तार त्याला मिळवून घेतात. ऑर्केस्ट्रा लावण्याचा तो दहा-पंधरा सेकंदांचा कोलाहल मला तरी कुठल्याही रचनेइतकाच आवडतो. तंबोरे जुळत असताना येतो तसाच काटा अंगावर येतो.

या वाद्यवृंदाचं नाव इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. उभा करणारे, लिहिणारे, समोर उभं राहून चालवणारे अँथनी गोन्साल्विस. वय एकतीसच्या आतबाहेर. एकल गायक दोन: लता मंगेशकर आणि मन्ना डे. हो, तेच दोघं. सिनेमाच्या गाण्यासाठी नव्हे, तर सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर गायला.

मुंबईला ऑर्केस्ट्रा नवा नव्हता. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यांचा मुलगा झुबिन पुढे जगभर ऑर्केस्ट्रे चालवू लागला. पण त्या ऑर्केस्ट्राचं पान युरोपातून येई. बीथोव्हन, मोझार्ट, ब्राम्स. गोन्साल्विसांना वेगळंच हवं होतं. पान इथलं, वाद्यं तिथली. त्यांच्या रचनांची नावं वाचा: ‘सोनातिना इंडियाना’, सारंग रागातला कॉन्चेर्तो, तोडी थाटातला व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्तो. मुळात कॉन्चेर्तो म्हणजे एक वाद्य विरुद्ध सगळा ताफा, असा रंगलेला सवाल-जबाब. त्यात तोडी! कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत. सकाळी एकट्याने, डोळे मिटून, एकेका सुरावर पाच-पाच मिनिटं रेंगाळण्याचा थाट, आणि तो शंभर माणसांना वाटून द्यायचा.

यात अडचण काय होती ते जरा जवळून बघू, कारण ‘पूर्व-पश्चिम संगम’ म्हणून असल्या गोष्टींवरून हात फिरवून पुढे जायची आपल्याला वाईट सवय आहे. सारंग घ्या. गंधार वर्ज्य, धैवत वर्ज्य. आता पाश्चात्त्य संगीताची इमारत उभी असते ती एकदम वाजवलेल्या तीन सुरांवर, कॉर्डवर. षड्जावरची पहिलीच कॉर्ड म्हणजे सा-ग-प. म्हणजे दारातच गंधार! आणि सारंगात तर गंधाराला प्रवेश नाही. मध्यमावर बांधावी तर म-ध-सा, तिथे धैवत आडवा. पंचमावर प-नि-रे चालेल, पण नुसत्या पंचमावर घर किती वेळ उभं राहणार? म्हणजे सवयीने कॉर्डा लावत गेलात तर सारंगाचा चक्काचूर होतो, आणि सारंग जपलात तर ऑर्केस्ट्रातल्या निम्म्या लोकांनी करायचं काय, असा प्रश्न पडतो. बाहेर पडायची वाट एकच. सूर एकमेकांवर रचायचे नाहीत, ओळी एकमेकींशेजारून चालवायच्या. एक गट एक वाट धरतो, दुसरा दुसरी, दोघंही रागाच्या कुंपणात राहतात, आणि जिथे भेटतात तिथे ऐकणाऱ्याला काहीतरी नवंच ऐकू येतं. चर्चच्या गायनमंडळात वाढलेल्या माणसाला ही चाल रक्तातून येते: चार आवाज, चार वाटा, एक देव.

असे प्रयोग बहुतेक वेळा फसतात, असं माझं आपलं मत आहे. एकतर राग बिचारा टाय लावून अवघडून उभा राहतो, नाहीतर ऑर्केस्ट्रा तंबोऱ्याची नोकरी करतो. पण या चौकात उभं राहिल्यावर तुम्ही निकाल द्यायची घाई करू नका. या ११० जणांतले बरेचसे दिवसभर स्टुडिओत तीन-तीन मिनिटांची गाणी वाजवून पोट भरणारे आहेत. आज त्यांच्यासमोरच्या कागदावर जे लिहिलंय ते कुणा नटीच्या वळण्यासाठी किंवा नायकाच्या घोड्यासाठी लिहिलेलं नाही. त्यांची मान बघा. स्टुडिओत ती अशी ताठ नसते.

काठी वर जाते. थांबा, ऐकत राहावंसं वाटतंय हे खरं, पण आपल्याला अजून खाली उतरायचंय.

त्याच दशकातला एक रविवार, वांद्रे. मिस्सा आटोपलेली, बायका चर्चच्या कपड्यांतच बाजार करून परततायत. एका घरातून व्हायोलिनचा आवाज येतोय. चांगला नाही, शिकाऊ. दर रविवारी गोन्साल्विसांच्या घरी वर्ग भरतो. खिडकीखाली उभे राहा.

व्हायोलिन शिकवणारा कसलेला मास्तर डाव्या हाताकडे नंतर बघतो, आधी उजव्याकडे. बोटं कुठे पडतात ते कानाला कळतंच. गज कसा चालतो तिथे खरं शिक्षण असतं. एक लांब सूर. गज खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत न्यायचा, आवाज मध्ये फुगता कामा नये, शेवटी गळता कामा नये. मग परत. आपल्याकडच्या खर्जाच्या रियाजासारखंच कंटाळवाणं आणि तितकंच सक्तीचं. शिकणाऱ्यांत एक किडकिडीत पोरगा आहे, रामप्रसाद शर्मांचा, ट्रम्पेटवाल्या ‘बाबाजीं’चा मुलगा. आठव्या वर्षी हातात व्हायोलिन घेतलेलं, आणि घरच्या ओढगस्तीपायी लवकरच स्टुडिओत वाजवून पैसे आणायला लागलेला. हाच प्यारेलाल. पुढे कुडाळकरांच्या लक्ष्मीकांतबरोबर जोडी जमवून पाचशेच्या आसपास चित्रपटांना संगीत देईल. याच घरी शिकलेल्यांत सचिनदेव बर्मनांचा मुलगाही आहे. त्याला सगळे पंचम म्हणतात.

प्यारेलालच्या गाण्यात व्हायोलिनांचा थवा उडतो तेव्हा तुम्ही तो लगेच ओळखता, नाही का? तो या खिडकीतून उडालेला आहे.

गंमत म्हणजे इथे जो मास्तर आहे, तोच एरवी स्वतः विद्यार्थी होता. सारंगीचे पंडित रामनारायण, पंडित श्यामसुंदर, उस्ताद इनाम अली खाँ यांच्याकडून त्यांनी राग समजून घेतले, लिहून घेतले. रामनारायण आणि ते एकाच वर्षी जन्मलेले, १९२७ साली. एक उदयपूरचा, एक गोव्यातल्या सालसेतचा. सारंगीवर बोटाचं नख तारेला कडेने घासत जातं, म्हणून मींड आपसूक वाहते. व्हायोलिनवर बोट तारेवर दाबावं लागतं. वाद्याला पडदे नसल्यामुळे घसरता येतं, पण पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या बोटाला घसरायची भीती वाटते, लहानपणी त्यासाठी रागावणी खाल्लेली असते. ती भीती सोडायला एका तरबेज वादकाने दुसऱ्या तरबेज वादकासमोर पाटी कोरी करून बसायचं, हे सांगायला सोपं आहे.

आता १९४९ आणि मालाडचा बॉम्बे टॉकीज. ‘महल’चं संगीत खेमचंद प्रकाशांचं. आतला उकाडा विचारू नका, पंखे बंद असतात कारण मायक्रोफोन सगळं ऐकतो. गायिका आणि सगळे वादक एकाच खोलीत, एकाच वेळी. कुणा एकाचा गज खुर्चीला लागला, पहिल्यापासून. संगीतकार पेटीवर चाल सांगतो. ती पाच रेघांत बसवून, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद काढून, ‘इथे काउंटर, इथे तुम्ही थांबा’ असं आखून देणारे जे गोव्याचे लोक मुंबईच्या स्टुडिओंत कामाला होते, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, त्यांच्यातलाच आपला तरुण अँथनी. ‘महल’, ‘नया दौर’, ‘वक्त’ अशा चित्रपटांच्या संगीताला त्याचा हात लागला. नाव? पडद्यावर कधी ‘सहायक’ म्हणून येई, कधी तेही नाही. पैसे रोख, हिशेब संपला.

‘महल’ची आणखी एक हकीकत इथेच सांगून टाकतो. ‘आयेगा आनेवाला’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं कामिनी. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! लता मंगेशकरांचं नाव नव्हतंच. खऱ्या गायिकेला पात्राचं नाव चिकटवलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी एका पात्राला खऱ्या वादकाचं नाव चिकटवलं गेलं. लताबाईंनी आपलं नाव पुढे भांडून मिळवलं, ते बरंच झालं. अरेंजर मंडळींना भांडायलाही खिडकी नव्हती.

आणखी मागे. वय उतरत चाललंय, तेव्हा आता ‘तो’ म्हणू.

डोळे उघडा. जागा ओळखीची आहे ना? तोच डोंगर, तीच बालेकिल्ल्याची शेंडी. फक्त मांडव नाही, बाइक नाही, जनरेटर नाही. २ जानेवारी १९४३, पहाट, कडाक्याची थंडी. सिद्धगडाच्या जंगलात इंग्रजांविरुद्ध भूमिगत लढणाऱ्या आझाद दस्त्याची माणसं आहेत. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई, आणि त्यांचे साथीदार. मुंबईला वीज नेणारे मनोरे या मंडळींनी पाडलेत. पोलीस अधिकारी हॉल याची तुकडी येऊन भिडते. गोळ्या झडतात. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडतात. आवाज कड्यावर आपटून परत येतो आणि मग डोंगर नुसता गप्प.

आमच्या भागात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. दर वर्षी त्या दिवशी माणसं हुतात्मा स्मारकाशी जमतात.

त्याच १९४३ सालात, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा एक मुलगा व्हायोलिनची पेटी घेऊन पोर्तुगीज गोव्यातून मुंबईत उतरतो. दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, ओढूनताणून मी लावणारही नाही. एवढंच, की ज्या शहराची वीज तोडायला इथे माणसं जीव देत होती, त्याच शहरात तो पोट भरायला आला होता. त्या काळी गोव्याची पोरं मुंबईला आली की धोबी तलाव, डाबुल, माझगावकडच्या कुडींत उतरत. कूड म्हणजे गावकीची खोली. एका गावची माणसं, भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात देवाची मूर्ती, संध्याकाळी एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळ. जहाजावरचे खलाशी, आचारी, आणि वाजवणारे. वाजवणाऱ्यांना काम मिळे ते हॉटेलांत, लग्नांत, मूकपट गेल्यापासून सिनेमाच्या स्टुडिओत. या मुलाला नौशादच्या ताफ्यात व्हायोलिनची जागा मिळाली.

ही फौज एका गोव्यानेच का पुरवली, ते बघायला शेवटची उडी घेऊ.

माजोर्डा, सालसेत. १९३० च्या दशकातली दुपार. माडांची सावली, भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावाचा वास. जेझुइटांनी पाव भाजायला गोव्यात पहिल्यांदा याच गावकऱ्यांना शिकवलं असं तिकडे सांगतात, आणि तो वास घेतल्यावर तुम्ही वाद घालणार नाही. चर्चला लागून शाळा आहे. आत मुलं ओळीत उभी राहून दो-रे-मी घोकतायत. हातात वाद्य नाही. आधी सूर तोंडाने वाचायचा, कागदावरचा ठिपका बघून अचूक म्हणायचा, हाताने ताल द्यायचा. ते आलं की मगच व्हायोलिन. चर्चला गायक आणि वादक लागत म्हणून चर्चने ही शिकवण चालवली. गरिबाच्या पोराला पाच रेघा वाचता येऊ लागल्या, ते त्याचं भांडवल झालं. मुंबईच्या स्टुडिओत उस्ताद पुष्कळ होते. पण आयुष्यात न पाहिलेला कागद समोर ठेवल्याबरोबर वाजवणारी माणसं हवी होती, आणि ती इथे घडत होती.

शिकवणाऱ्याला कोकणीत ‘मेस्त’ म्हणतात. सुतारालाही मेस्तच म्हणतात. मला हे फार योग्य वाटतं. दोघंही रंधा मारतात.

माजोर्ड्याच्या चर्चचा मेस्त म्हणजे जुझे आंतोनियो गोन्साल्विस, अँथनीचा बाप. घराण्याचं जुनं आडनाव प्रभू. अँथनी प्रभू गोन्साल्विस या नावातच धर्मांतरापूर्वीचं आणि नंतरचं असं दोन्ही शेजारी शेजारी बसलंय, कुणी कुणाला उठवत नाही. त्या छोट्या मुलाकडे बघा. हनुवटीखाली व्हायोलिन धरायला मान अजून पुरत नाही. बाप गजाच्या टोकाला बोट लावून तो सरळ करतो.

परतीचा प्रवास भराभर. १९६५. ‘वक्त’ त्याच वर्षीचा. हातात काम भरपूर, नाव धंद्यात मोठं, आणि अँथनी गोन्साल्विस सिनेमा सोडून अमेरिकेला जातात, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर. परत आले ते स्टुडिओत आलेच नाहीत. थेट माजोर्डा. समुद्र, चर्च, घर. बारा वर्षांनी त्यांच्या नावाचं गाणं सगळ्या देशात वाजू लागलं तेव्हा त्यांच्या गावच्या लग्नातही वाजलंच असणार. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्याच गोष्टीत ऐकणं! आपल्या मराठी समीक्षकांपैकी अशोक राणेंनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान चेहरा तरी पाहायला मिळतो.

१८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले. वय ८४. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांना मथळा द्यायला त्या गाण्याचाच आधार घ्यावा लागला, नाहीतर वाचणाऱ्याला कळलंच नसतं.

डोळे उघडा. बेंजो अजून चालू आहे, म्युझिक आलंय, मामांनी रुमाल दातात धरलाय. नाचा की. या गाण्यावर नाचण्यात काहीच वावगं नाही, शिष्याने ते प्रेमाने दिलंय. पण उद्या सकाळी घरी गेल्यावर एक काम करा. १९५८ साली जे कॉलेजच्या वयाचे होते ते आता नव्वदीला टेकलेत. तुमच्या घरात, चाळीत, गिरगाव-धोबी तलावाकडे, वांद्र्याच्या नात्यागोत्यात असं कुणी असेल तर विचारा, झेवियर्सच्या चौकात लताबाई ऑर्केस्ट्राबरोबर गायल्या तेव्हा तुम्ही होता का? कपाटात त्या कार्यक्रमाची पत्रिका, एखादा फोटो, पाच रेघांचा पिवळा पडलेला कागद निघाला, तर रद्दीत घालू नका. कुणाला तरी दाखवा.